कागदोपत्री हजर

गुरुवारी साडेनऊला वकीलबाई भेटणार आहेत.
फोनवर म्हणाल्या, सगळं आणा, तारखेवारी लावून,
आणि मूळ कागदांवर काही लिहू नका,
पेन्सिलीनंसुद्धा.

म्हणून हॉस्पिटलच्या लाँड्रीतली पाळी संपवून
मी स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलंय.
लुइस्टनच्या पुलाखाली नदीवरचा बर्फ फुटायला लागलाय,
मधूनच कुणी दार आपटल्यासारखा आवाज येतो
आणि आतल्या खोलीत रेमी झोपेतच कानांवर हात नेतो.

शाळेचा खोका. एकशे बारा पानं.
दोन अर्ज केल्यावर, पंचेचाळिसाव्या दिवशी.
त्यातली नऊ पानं भलत्याच मुलाची.
त्याचं नाव वाचलं आणि घाईघाईनं पालथी घातली.
कुठल्या तरी दुसऱ्या टेबलावर
कुणी बाई माझ्या रेमीची नऊ पानं
अशीच पालथी घालत असेल?

सगळ्यात खाली बालवाडीचा शेरा, निळ्या शाईतला,
उजवीकडे कललेलं मिसेस कर्न्सचं अक्षर.
‘हसरा आहे. खडूंना रंगांप्रमाणे झोपवतो.’
त्यानंतर हातानं कुणी काही लिहिलेलंच नाही.
पुढं सगळं छापील, उद्दिष्ट, निकष, टक्के,
‘विद्यार्थी पाचपैकी चार वेळा’
काय पाचपैकी चार वेळा?
खालची ओळ झेरॉक्समध्ये कापली गेलीय.

मग हजेरीचं पान.
जानेवारी ते मार्च, हजर, हजर, हजर,
एका सरळ रेघेत.
खरंच आहे, सोडायला मीच जायचे.
आणायलाही मीच जायचे, पावणेअकराला,
ऑफिसातून फोन आला की.
‘आज जरा जड जातंय त्याला, घरी नेलंत तर बरं.’
इतक्या मऊ आवाजात
की मी आभार मानायचे.
मी.
आभार.

घरी धाडणं ही शिक्षा धरत नाहीत, म्हणून नोंद नाही,
आणि नोंद नाही म्हणून ते घडलंच नाही.
कागदोपत्री माझा मुलगा
अजून तिथंच बसलाय, तिसऱ्या रांगेत, तीन वाजेपर्यंत.

बाप माझा कापडगिरणीत होता. सांगायचा,
ओडेट, पगाराची चिठ्ठी कधी फेकायची नाही,
गिरणी बंद पडली तरी.
तिची बंदच पडली.
चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात राहिल्या,
त्यांच्यावर माझ्या चढत गेल्या.

रात्री सव्वाअकराला मी तो डबा उघडला.
नऊ जानेवारी, कामावरून बाहेर दहा बावन्न.
सतरा जानेवारी, दहा अठ्ठेचाळीस.
एका मिनिटाचीही गय न करणारं
भिंतीवरचं ते घड्याळयंत्र,
त्यानं माझे सगळे कापलेले तास
जपून ठेवलेत.
एकेक चिठ्ठी मी एकेका ‘हजर’शेजारी मांडत गेले.
एकोणीस झाल्या.
मग उठून उगाचच नळ घट्ट केला.

रेमी दारात उभा. कधीपासून, कोण जाणे.
टेबलाभोवती एक फेरी मारली, कशालाही हात न लावता.
मग दप्तर ओढत आणलं,
तळातून काढला रबरबँड लावलेला गठ्ठा,
व्हॅलेंटाइनची सोळा कार्डं, तेरा फेब्रुवारीची,
वाटायच्या आधीच आम्ही घरी आलो होतो.
प्रत्येकावर नाव, प्रत्येक नावातला पहिला टी उलटा पडलेला,
टी नसलेल्या नावांतसुद्धा.

‘हीपण शाळेचीच आहेत,’ म्हणाला,
आणि खोक्यात ठेवून झोपायला गेला.

तारखेवारी लावायची तर ती
अठ्ठावन्नाव्या आणि एकोणसाठाव्या पानाच्या मध्ये येतात.
तिथं ठेवली. खोक्याचं झाकण आता लागत नाही.

त्या नऊ पानांसाठी एक पाकीट शोधलंय.
आत न बघता भरली, चिकटवलं.
वर काय लिहावं कळेना.
पाकिटावर लिहिलेलं चालत असावं.
‘हे आमचं नाही,’ लिहिलं,
आणि खाली, जरा थांबून,
‘कुणीतरी वाट बघतंय.’